तेरा मीटर की अठरा?

स्कीच्या मागच्या टोकाकडे, बर्फाचं पाणी बोटाने पुसल्याशिवाय वाचता येणार नाहीत इतके बारीक, काही आकडे छापलेले असतात. १६५. त्याखाली १२१-६८-१०३. आणि मग 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आणखी एक: कुठे १३, कुठे १५.५, कुठे १८. पहिला आकडा लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. मधले तीन रुंदीचे, मिलिमीटरमध्ये: पुढचं टोक, कंबर आणि शेपूट. शेवटचा त्रिज्येचा. स्कीची कड सरळ नसते, कमरेपाशी आत गेलेली असते. ती बाकदार रेघ तशीच पुढे वाढवत नेली तर जे वर्तुळ पुरं होईल, त्याची ही त्रिज्या, मीटरमध्ये. दुकानात लोक कंपनी बघतात, रंग बघतात, यंदा वर्ल्ड कपमध्ये कोण कशावर जिंकलं ते विचारतात. मी आधी हा शेवटचा आकडा शोधते.

यात धंद्याचाही भाग आहे. वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. यंत्रांचे सुटे भाग करून देतो, त्यामुळे त्रिज्या, कोन आणि मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा यांच्याशी रोजचा संबंध. स्कीइंगचे पहिले धडे औलीला गिरवले, गढवाल मंडल विकास निगमच्या कोर्समध्ये. पुढे यंत्रं बघायला आणि भावाची घासाघीस करायला ऑस्ट्रियात, दक्षिण जर्मनीत ऐन थंडीत जाणं होऊ लागलं, तसा शनिवार-रविवार जोडून घेत तो नाद वाढत गेला. आता कामाचं निमित्तही लागत नाही. वर्षातून एकदा जाते आणि उरलेलं वर्ष ठाण्यात काढते, जिथे पारा पंधराच्या खाली उतरला तर त्याची बातमी होते.

यंदा नवी जोडी घ्यायची आहे. जुनीच्या पोलादी कडा कानस मारून मारून संपत आल्यात. योगायोगाने भाचीलाही घ्यायची आहे. ती मूळची नेरुळची, नोकरीला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला, आणि माझ्यापेक्षा चांगली स्कीअर, हे मी घरात फारसं बोलत नाही. तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. त्यामुळे आमची सगळी चर्चा माझी भांडी आवरून झाल्यावर सुरू होते आणि घरातल्या इतरांची झोपमोड होईपर्यंत चालते.

"मावशी, दुकानदार म्हणतो, तुम्ही इतक्या छान वळता, आता जायंट स्लॅलमवाल्याच घ्या. स्लॅलमवाल्या म्हणे शिकणाऱ्यांना बऱ्या."

स्लॅलम म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून लहान वळणं घेत उतरायची शर्यत. जायंट स्लॅलममध्ये खांब लांब लांब, म्हणून वळणंही मोठी. पण हा गैरसमज फक्त त्या दुकानदाराचा नाही. दाबून, विंचरून तयार केलेल्या उतारासाठी ज्या स्की मिळतात त्यांचे ढोबळ दोन घराणी आहेत. स्लॅलमच्या वळणाच्या: आखूड, त्रिज्या बारा-तेरा मीटर, कंबर पासष्ट ते अडुसष्ट मिलिमीटर. आणि जायंट स्लॅलमच्या वळणाच्या: लांब, त्रिज्या सतरा-अठराच्या पुढे. या दोघींच्या मधे कार्व्हिंग स्की नावाची मोठी वस्ती आहे, त्रिज्या चौदा ते सोळा, कंबर सत्तरच्या आसपास. बहुतेक कंपन्यांचा सगळा जोर याच मधल्या वस्तीवर असतो. आणि चांगलं स्कीइंग करणारी बरीच माणसं हे आकडे इयत्ता समजतात. तेरा झाली की पंधरा, पंधरा झाली की अठरा, जणू वरच्या वर्गात गेलो. माझं म्हणणं असं की त्रिज्येचा कौशल्याशी संबंध फार थोडा आहे. तिचा संबंध वेगाशी आहे. तुम्ही वळणाच्या मध्यावर खरोखर किती वेगात असता, एवढ्यावरच ती ठरवावी.

कार्व्हिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. साध्या वळणात स्की थोडी आडवी घसरते, बर्फ खरवडते, मागे फराटा उठतो. कार्व्हिंगमध्ये ती कडेवर उभी राहते, वजनाने वाकते आणि स्वतःच्या बाकाच्या रेषेतच पुढे सरकते. शेपूट त्याच खाचेतून जाते जिथून टोक गेलं. मागे वळून पाहिलं तर बर्फावर दोन बारीक, स्वच्छ रेघा दिसतात. जितकी जास्त कडेवर घ्याल तितकं वळण आवळतं. ढोबळ सूत्र असं की छापलेल्या त्रिज्येला कडेच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. साठ अंशांवर त्रिज्या निम्मी होते. म्हणजे स्कीवर छापलेली त्रिज्या ही सर्वांत मोठ्या वळणाची. त्याहून लहान सगळी वळणं तिच्या पोटात आहेत.

आता कडेवर घ्यायचं म्हणजे अंग आत झोकून द्यावं लागतं. ते झुकलेलं अंग पडत नाही, कारण वळणातला जोर त्याला बाहेर ढकलत असतो. गायमुखच्या वळणावर बाइक झुकते तेच इथे होतं: वेग कमी असताना फार झुकलात तर आडवे व्हाल, वेग असून झुकला नाहीत तर वळण हातातून निसटेल. हे दोन्ही हिशेब एकत्र मांडले की एक सुटसुटीत समीकरण मिळतं. झुकावाच्या कोनाची साइन बरोबर वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले स्कीची त्रिज्या). यात जमीन सपाट धरली आहे, अंग सरळ रेषेत धरलं आहे, घसरण शून्य धरली आहे. उतारावर यातलं काहीच अगदी तसं नसतं. पण तुलनेला पुरतं.

मी ते कारखान्यात चहाच्या वेळेला, ऑर्डरच्या कागदामागे मांडलं. ताशी ३० किलोमीटर धरा. तेरा मीटरच्या स्कीवर झुकाव येतो ३३ अंश. अठरा मीटरच्या स्कीवर २३. आणि खऱ्या स्पर्धेच्या जायंट स्लॅलम स्कीवर, जिची त्रिज्या आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या म्हणजे फिसच्या नियमाप्रमाणे किमान ३० मीटर लागते, तिच्यावर जेमतेम १४. त्याच उतारावर, त्याच वेगात, तोच माणूस. एका स्कीवर कड बर्फात रुतल्याचं अंगाला कळतं, दुसरीवर नुसतं ओणवं झाल्यासारखं वाटतं.

पण वेग ४० करा, आणि चित्र उलटं होतं. अठराच्या स्कीवर झुकाव ४४ अंश, म्हणजे चांगल्या स्कीअरच्या आवाक्यातला, मजेचा. तेराच्या स्कीवर तो निघतो ७५. एवढा कोन टीव्हीवर बघायचा. आपण तिथे करतो काय, तर कड थोडी सोडतो, स्कीला घसरू देतो आणि वेग मारतो. म्हणजे ज्या कार्व्हिंगसाठी स्की घेतली तेच होत नाही.

म्हणून भाचीला मी विचारलं, "तुझा वळणातला वेग किती?"

"ॲप बासष्ट दाखवतं."

ॲप कमाल वेग दाखवतं. तो बहुतेकदा खालच्या सरळ पट्टीवर, लिफ्टच्या रांगेपर्यंत पोचायला म्हणून मारलेला असतो. वळणाच्या पोटात तो कितीतरी कमी असतो. माझा तर तिशीच्या आसपासच घुटमळतो, आणि मला तो वाढवायचा नाही. गुडघ्यांचाही प्रश्न आहेच. ४५ अंशांच्या झुकावात शरीरावर वजनाच्या १.४ पट भार येतो, ६० अंशांत दुप्पट, आणि त्यातला बराचसा बाहेरच्या एकट्या पायावर. येऊरचा चढ रोज सकाळी चढते, इमारतीचे जिने लिफ्ट टाळून चढते, तरी समुद्रसपाटीवर वर्ष काढलेले पाय दोन हजार मीटरवर दुपारी तीननंतर आपलं काय ते बोलतातच.

हे आखूड त्रिज्येचं प्रकरण फार जुनंही नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत स्की दोन मीटरच्या, जवळपास सरळ असायच्या. कंबर आत गेलेली ती साधारण सात मिलिमीटर. अशा कडेच्या बाकाची त्रिज्या पन्नास मीटरच्या आसपास किंवा त्याहून पुढे जाते, म्हणजे सामान्य माणसाने वळायचं तर घसरतच वळायचं. स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावच्या एलान कंपनीत युरिय फ्रांको आणि पावेल श्कोफित्स या दोन इंजिनिअरांनी ही खोली बावीस मिलिमीटरच्या आसपास नेऊन पाहिली. एससीएक्स नावाने ती स्की १९९३ मध्ये बाजारात आली. याच एलानच्या स्कींवर स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने ८६ वर्ल्ड कप शर्यती जिंकल्या होत्या, सरळ कडांच्या काळात. तो विक्रम मिकेला शिफरिनने मोडायला २०२३ चा मार्च उजाडला. पंधरा मिलिमीटर जास्त खोल कंबर, एवढाच बदल, आणि दहा वर्षांत सरळ स्की दुकानांतून गेल्या. आमच्या धंद्यात एका मापातल्या बदलाने अख्खं उत्पादन बदललेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्रिज्या म्हणजे इयत्ता नव्हे, याला माझ्याकडे एक लाडकी साक्ष आहे. २०१२-१३ च्या हंगामात फिसने पुरुषांच्या जायंट स्लॅलम स्कीची किमान त्रिज्या ३५ मीटरवर नेली, दुखापती कमी व्हाव्यात म्हणून. अमेरिकेच्या टेड लिगेटीने या नियमाविरुद्ध सगळ्यांत जास्त आरडाओरडा केला. मग ऑक्टोबरात सोल्डनच्या पहिल्याच शर्यतीत तोच २.७५ सेकंदांनी जिंकला, जिथे एरवी निकाल शतांश सेकंदांवर लागतात. पुढे २०१७-१८ पासून ती त्रिज्या ३० वर आणली गेली. लिगेटीचा वेग ३५ मीटरच्या स्कीला पुरेसा होता, इतकंच. तीच स्की मला दिली तर मी ती खांद्यावर टाकून चालत खाली येईन.

दुसरा मुद्दा गर्दीचा, आणि आपल्याकडून जाणाऱ्यांना तो फार लागू आहे, कारण आपण सुट्ट्यांच्या हिशेबाने जातो, आणि सुट्ट्यांच्या हिशेबाने सगळेच जातात. ताशी ३० ला तेराच्या स्कीचं प्रत्यक्ष वळण साधारण ११ मीटर त्रिज्येचं पडतं. अर्धवर्तुळाला अर्धवर्तुळ जोडत गेलात तर उताराची २२ मीटर रुंदी खाता. अठराच्या स्कीवर ती ३३ मीटरपर्यंत जाते. म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता तुमचा, आणि त्यात मधूनच एखादं सहा वर्षांचं पोर सरळ रेषेत, हात पसरून. फिसच्या नियमांत खालच्या स्कीअरला पहिला हक्क आहे. वरून येणाऱ्याने वाट शोधायची. लांब त्रिज्येवर वाट शोधायला जागाच कमी उरते. दुबईच्या मॉलमधल्या स्की दुबईचा उतार तर सगळा मिळून ४०० मीटरचा. २००५ पासून सुरू आहे, मुंबईहून तीन तासांचं विमान, सरावाला वाईट नाही. पण तिथे अठरा मीटरची स्की मागणं म्हणजे नुसता हट्ट.

ज्या उतारावर हे सगळं चालतं तो उतारही केलेला असतो. रात्री पट्ट्यांच्या चाकांची अवजड यंत्रं फिरतात. मागे लावलेला दातेरी रूळ बर्फाचे गोळे फोडतो, वरचा-खालचा बर्फ मिसळतो, मग एक फणी त्यावर बारीक समांतर रेघा सोडून जाते. नंतरचे काही तास त्याला हात लावायचा नसतो. दाबलेले कण थंडीत एकमेकांना चिकटत जातात आणि सकाळपर्यंत पृष्ठभाग घट्ट होतो. त्यातला बराच बर्फ आकाशातून पडलेलाही नसतो. वेट-बल्ब, म्हणजे हवेतला ओलावा हिशेबात धरणारं, तापमान उणे दोनच्या खाली गेलं की पाणी फवारून केलेला असतो, आणि तो पडलेल्या बर्फापेक्षा जड आणि टणक असतो. सकाळी साडेआठला त्यावर पहिली कड टाकण्यासाठी मी काय वाटेल ते करीन. दुपारी बारापर्यंत तोच उतार ढिगाऱ्यांचा आणि मधल्या चकचकीत टणक तुकड्यांचा होतो, आणि स्कीची खरी परीक्षा तेव्हा असते.

त्या टणक तुकड्यांवर कंबर आणि कडकपणा यांचा प्रश्न येतो. हल्ली सगळीकडे अठ्ठ्याऐंशी-नव्वद मिलिमीटर कमरेच्या स्की खपवतात, "सगळीकडे चालते" म्हणून. गुलमर्गला जा, त्या घ्या, त्याहून रुंद घ्या. तिथली गंडोला, म्हणजे केबल कार, अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरवर सोडते आणि खाली नुसता मऊ भुसभुशीत बर्फ. (त्याच गुलमर्गमधून आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेला, भारताचा एकमेव खेळाडू म्हणून, आणि टणक, कृत्रिम बर्फावर जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. घरच्या बर्फापासून इतक्या लांबच्या बर्फावर तो आकडा मला फार मोठा वाटतो.) पण दाबलेल्या उतारावर रुंद कंबर म्हणजे कड पायाच्या मध्यरेषेपासून लांब. ती उभी धरून ठेवायला घोट्याला आणि गुडघ्याला तेवढं जास्त पिळावं लागतं, आणि एका कडेवरून दुसरीवर जायला वेळ लागतो. पासष्ट ते बहात्तर. त्यापुढे मी दाबलेल्या उतारासाठी जात नाही. फार अरुंद झाली तर मोठ्या झुकावात बुटाची बाजूच बर्फाला लागते, म्हणून बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगखाली प्लेट घालून पाय वर उचललेला असतो. स्पर्धेत बर्फापासून बुटाच्या तळापर्यंत ही उंची ५० मिलिमीटरपर्यंतच चालते.

कडकपणाचे दोन प्रकार आहेत आणि दुकानात लोक एकच तपासतात. स्की भिंतीला टेकवून पोटात दाबायची आणि "कडक आहे" म्हणायचं. ते वाकणं. पिळवटणं वेगळं. टोक दोन्ही हातांत धरून फडकं पिळतात तसं पिळून बघा. कार्व्हिंगसाठी वाकणं थोडं चालतं, किंबहुना हवंच, नाहीतर वळणाची कमान पडणार कशी. पिळवटणं चालत नाही. कडेवर उभी केल्यावर टोकाने पीळ सोडला की कडेची पकड गेली. हा पीळ रोखण्यासाठी लाकडाच्या गाभ्याच्या वर आणि खाली टायटॅनलचे पातळ पत्रे घालतात. तो ॲल्युमिनिअमचाच एक मिश्रधातू, जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं घातलेला, ऑस्ट्रियात बनणारा. त्याचा दुसरा गुण म्हणजे तो थरथर गिळतो. चकचकीत टणक बर्फावर स्की दातावर दात आपटल्यासारखी कडकडते तेव्हा दोन पत्र्यांची स्की आणि बिनपत्र्याची स्की यांतला फरक पायाला पहिल्या वळणात कळतो.

बायकांसाठी म्हणून वेगळ्या स्की निघतात त्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या बहुतेकदा हलक्या आणि मऊ असतात, आणि कित्येकदा धातूचा एक पत्रा किंवा दोन्ही गाळलेले. नवशिकीला ठीक. पण जी बाई दोन स्वच्छ रेघा काढत खाली येते तिला तिच्या वजनाला योग्य लांबी द्या, पूर्ण बांधणीची स्की द्या. फिसच्या स्लॅलममध्ये बायकांना किमान १५५ सेंटिमीटर आणि पुरुषांना १६५. लहानखुऱ्या किंवा मध्यम बांध्याच्या बाईला हे १५५-१६० चं माप तंतोतंत बसतं, आणि त्यात सगळा मालमसाला असतो. दुकानदाराने फुलाफुलांची जोडी पुढे केली की मी विचारते, "यात टायटॅनल आहे का?" त्यावर तो मुकाट्याने आत जातो.

पण हे सगळं करून कड बोथट असेल तर काही खरं नाही. इथे आमचे फिटर कामाला आले. चाळीस वर्षं कानस धरलेला हात. पहिल्यांदा मी जोडी कारखान्यात नेली तेव्हा त्यांनी ती व्हाइसमध्ये धरून उलटसुलट पाहिली, गुण्या लावला आणि म्हणाले, "ताई, ही कड काटकोनात नाही. बिघडलीय."

"बिघडली नाही. मुद्दामच सत्त्याऐंशी अंशांची आहे."

"नव्वद का नाही?"

मी सांगितलं की बाजू तीन अंश आत घेतली की कड जास्त टोकदार होते, टणक बर्फात पटकन रुतते. तळाकडून मात्र अर्धा ते एक अंश वर उचललेली असते, नाहीतर सपाट चालतानाही ती कुठेही पकड घेईल आणि माणसाला पाडेल. ते ऐकून त्यांनी मान हलवली. "म्हणजे बटाळीसारखं. जितकी धार बारीक तितकी लवकर जाणार." बरोबर तेच. म्हणून रोज संध्याकाळी हिऱ्याच्या पुडीचा दगड दोन-तीनदा फिरवायचा आणि कानस अगदी लागलीच तर. कड दोनेक मिलिमीटर जाडीची असते. दर वेळी कानस मारून ती संपवायची नसते. धार तपासायला ते नख आडवं ओढतात. नखाचा पांढरा भुगा निघाला तर ठीक. ही परीक्षा भाड्याच्या स्कीवरही करा, काउंटरवरच, लाजू नका. भाड्याची उत्तम स्की बोथट कडेने घेण्यापेक्षा साधी स्की धारदार कडेने घेतलेली केव्हाही बरी.

आणि ठाण्याचा पावसाळा. जूनमध्ये चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, खिडकीचे गज नारिंगी होतात, तिथे पोलादी कडेने काय करावं? एप्रिलमध्येच, हवा कोरडी असताना, कड पुसून वाळवते आणि जुन्या इस्त्रीने मेण जाड थरात तळावर आणि कडांवरूनही ओतते. ते खरवडत नाही. हंगाम येईपर्यंत तसंच राहू देते. जोडी मधोमध करकचून बांधायची नाही, नाहीतर तिची कमान दबून सपाट होते. गॅलरीत तर अजिबात नाही. बेडरूमच्या माळ्यावर, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या पिशवीत. घरच्यांनी त्यासाठी दोन सुटकेसी आणि गणपतीचं मखर खाली उतरवलं आहे, आणि हे मला दर भाद्रपदात ऐकवलं जातं.

बुटांबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद नाही. वर्षातून आठवडाभर जाणाऱ्याने पैसे आधी बुटांत घालावेत, स्की भाड्याने घेतल्या तरी चालतात. बुटाचं माप म्हणजे तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये. रुंदीचा आकडा वेगळा. आणि कडकपणाचा जो ११०, १२० असा आकडा असतो तो एका कंपनीचा दुसरीशी जुळतोच असं नाही, म्हणून पायात घालूनच बघायचा. बाइंडिंग किती जोराला बूट सोडेल तो आकडा दुकानातल्या तंत्रज्ञालाच लावू द्यावा. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची स्कीइंगची धाटणी यांवरून तक्त्यात बघून काढतात, आणि पन्नाशी गाठली की तो तक्ता तुम्हाला एक पायरी खाली उतरवतो. मला वाईट वाटलं होतं. पण उतरले.

भाचीने शेवटी माझं ऐकलं ते असं की एका रविवारी दोन्ही जोड्या दुकानातून चाचणीला घेतल्या. मी सांगितलं होतं, उतार एकच ठेव, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, आणि तीनच गोष्टी बघ: टोक वळणात शिरताना लगेच पकडतं का, मध्यावर टणक तुकडा आला तर कड धरून ठेवते का, आणि शेवटी सोडताना सुटते का, की खेचत नेते. रात्री साडेदहाला फोन आला.

"मावशी, तुझं गणित माझ्यावर उलटं पडलं."

तिचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. ती पहिल्या लिफ्टने वर जाते, साडेदहापर्यंत रिकाम्या, रुंद उतारावर मनसोक्त फिरते आणि गर्दी व्हायच्या आत घरी परतते. दर शनिवार-रविवारी. तिचा वळणातला वेग चाळिसाच्या आसपास आहे. आखूड स्की तिला त्या वेगात सारखी आत ओढत होती. अठराची तिच्याखाली शांत, लांब कमान घेत होती. दुपारच्या गर्दीत मात्र आखूड बरी वाटली, पण दुपारी ती तिथे नसतेच. तिने अठरा घ्यावी, यात मला शंका नाही. गणित उलटं पडलेलं नाही, ते तिच्या वेगाने सोडवलं आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. दुकानदाराचा सल्ला बरोबर निघाला हे मात्र तिने मला चार वेळा ऐकवलं.

मी १५५ ची, तेरा मीटरची, दोन पत्र्यांची सांगितली आहे. भाची ती तिथूनच घेऊन स्वतःकडेच ठेवणार, म्हणजे बाइंडिंगसकट सहा-सात किलोंचं ओझं विमानात न्यायला नको, बुटांची पिशवी तेवढी हातात. बाइंडिंग बसवायला माझ्या बुटाच्या तळाची लांबी आणि वजन कळवायचं होतं. वजन विचारताना ती हसत होती.

"फेब्रुवारीपर्यंत पडूनच राहणार ना? मी दुपारच्या वेळी वापरून बघू का थोडी?"

"वापर," मी म्हटलं. "धार मात्र लावू नकोस. ती मी आल्यावर लावीन."

"आणि आता लावलेली आहे ती?"

"ती फॅक्टरीची आहे. आमच्या फिटरना फोटो पाठव, ते सांगतील."